अंगात आणून दाखवा

शुक्रवार, एकवीस नोव्हेंबर. घरात साड्यांचे दोन गठ्ठे पडलेले. भरतकामाच्या साड्या. मशीनवरून येतात तेव्हा मागच्या बाजूने सुटे धागे लोंबत असतात, ते कापायचे. माल संध्याकाळी परत जायचा होता. ते काम अर्धं टाकून मी मुलीच्या शाळेत गेले. तिथे भरल्या हॉलमध्ये, माइकवरून मला सांगण्यात आलं, "ताई, आता अंगात आणून दाखवा."

मुलं हसली. मी सतरंजीवर बसले होते.

कसं झालं ते सांगते.

आम्ही सुरतला डिंडोलीत राहतो. सासरे धुळ्याकडच्या गावातून आले ते लूमवर लागले. नवरा पांडेसऱ्याला डाईंग मिलमध्ये आहे. मी घरी धागे कापते, गल्लीतल्या निम्म्या बायका तेच करतात. मुलगी तेजल नववीत. शाळा इंग्रजी माध्यमाची, लांब, चांगल्या वस्तीतली. तिला फीमध्ये सवलत आहे. सवलत आहे हे शाळा आम्हाला विसरू देत नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यांच्या वर्गात जगातले धर्म हा विषय सुरू झाला. मॅडमनी फळ्यावर चार रकाने आखले. धर्म, संस्थापक, ग्रंथ, प्रार्थनास्थळ. पोरांनी भरायचे. तेजलने हात वर करून विचारलं, "मॅडम, कानबाई कुठे लिहू?"

मीही दहावीपर्यंत शिकले आहे, इथल्याच महापालिकेच्या मराठी शाळेत. असेच रकाने मीही पाठ केले होते. मला कोणी हसलं नाही, कारण मी असं काही विचारलंच नव्हतं. तेजलने विचारलं. तेवढं तिच्या खात्यावर जमा आहे, पुढचं सांगताना मी ते विसरणार नाही.

मॅडमनी विचारलं, कानबाई म्हणजे काय. तेजलला धड सांगता येईना. घरी आल्यावर तिने वर्गाच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. श्रावणातला, आमच्या विसर्जनाचा. तिला दाखवायची होती सजवलेली कानबाई आणि ढोल. पण त्यात मध्येच काही क्षण माझी धाकटी जाऊ दिसते, शोभा. तिचे केस सुटलेले, डोळे मिटलेले, ती घुमते आहे.

दोन दिवसांनी मॅडम स्वतः आमच्या घरी आल्या.

मॅडम मराठी आहेत. बडोद्याच्या, तीन पिढ्यांपासून गुजरातेत. बोलणं स्वच्छ, आवाज मऊ. कोणावर ओरडल्याचं मी ऐकलं नाही. खाटेवर बसल्या, पाणी घेतलं नाही, साड्यांच्या ढिगाचा फोटो घेतला. मी मागच्या दारातून शोभाला हाक मारली ते ऐकून म्हणाल्या, "तुम्ही घरात अहिराणी बोलता ना? किती गोड वाटते."

मग मुद्द्यावर आल्या. शाळेत सर्वधर्म प्रदर्शन आहे. प्रत्येक धर्माचे जाणकार येणार. त्यात कानबाईही असावी असं त्यांच्या मनात आहे. आणि त्या व्हिडिओतल्या बाई आल्या तर फारच छान.

मी म्हटलं, "ती येणार नाही."

"संकोच वाटतो का त्यांना? अहो, मला हे काही नवीन नाही. आमच्याकडे नवरात्रात अष्टमीला घागर फुंकतात. माझ्या काकूंच्या अंगात महालक्ष्मी येते. मी लहानपणापासून बघत आलेय. म्हणून तर मला याबद्दल आदर आहे."

त्या वाक्यावर मी फसले. वाटलं, ही बाई ओळखते. हिच्या घरातही कोणी तरी केस मोकळे सोडून धापा टाकत असते, आणि बाकीच्या बायका तिला सांभाळत असतात. हिला जास्त सांगावं लागणार नाही.

शोभाचं मात्र मी ठाम सांगितलं. तिच्या अंगात येतं तेव्हा तिला कशाची शुद्ध नसते. पदर कुठे, केस कुठे, कळत नाही. आम्ही बायका तिच्याभोवती कडं करतो. मी तिला मागून कमरेला धरते. पुरुष तोंड फिरवून उभे राहतात, ढोलवालेसुद्धा. नंतर ती दुपारपर्यंत मेल्यासारखी झोपते. विचारलं तर तिला काही आठवत नाही. देवी खरी की मनाचा खेळ, ते मी ठरवायला बसलेली नाही. तिला धरायचं काम माझं आहे, ते मी करते.

"मी येते," मी म्हटलं. "माझ्या अंगात काही येत नाही. पण कानबाई काय असते ते मी सांगेन मुलांना."

"चालेल की. दहा मिनिटं तुमची."

मी तयारी केली. हसण्यासारखं आहे, पण केली. चार दिवस धागे कापता कापता मनात घोळवत होते, काय सांगायचं. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, चोळी, मणी. घरातला नारळ पिढ्यांचा असतो, तो जपून ठेवतात. रोट करतात, ते भाऊबंदातच खायचे, बाहेर द्यायचे नाहीत. रात्रभर गाणी. सोमवारी सकाळी तिला डोक्यावर घेऊन तापीवर न्यायचं. त्या सकाळी डिंडोली, लिंबायत, सगळीकडे रस्त्यावर बायका असतात. वर्षभर ज्या खोलीबाहेर येत नाहीत, ज्यांची मान साडीवर वाकून वाकून आखडलेली असते, त्या भर रस्त्यात फुगड्या घालतात आणि त्यांना कोणी आत जा म्हणत नाही. संस्थापक नाही. ग्रंथ नाही. प्रार्थनास्थळ घर. एवढं सांगायचं, तेजलचा रकाना भरायचा आणि परत यायचं.

घरचा नारळ मी नेला नाही. तो अवेळी हलवत नाहीत. कोपऱ्यावरच्या दुकानातून नवा घेतला.

हॉलच्या दारात शिपाई म्हणाला, चप्पल काढा. मी काढली. आत गेले तर मंचावर सहा खुर्च्या, पांढरी कव्हरं घातलेल्या. पुढे टेबल, पाण्याच्या बाटल्या, नावांच्या पाट्या. एक शास्त्रीजी, एक मौलाना, एक फादर, एक ग्यानीजी, एक जैन गृहस्थ, एक म्हातारे पारशी. त्यातले निम्मे बूट घालून बसले होते.

मंचाखाली सतरंजी अंथरलेली. मॅडम हसून म्हणाल्या, "ताई, तुम्ही इथे. तुम्हाला मोकळं वाटेल."

मी बसले. नारळ मांडीवर.

तेजल भिंतीजवळ तक्त्यापाशी उभी होती, हातात लांब छडी. तिचं काम रकाने दाखवण्याचं. गणवेशाला इस्त्री मीच करून दिली होती. छान दिसत होती.

एकेक जण बोलला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मौलाना बोलत असताना त्या म्हाताऱ्या पारशी बावाजींनी वाकून मॅडमना विचारलं, "बहेन नीचे केम बेठां छे?"

मॅडम हळूच म्हणाल्या, "ए एमनी पद्धति छे, अंकल."

बाई खाली का बसल्यात? ती त्यांची पद्धत आहे. गुजराती मला समजते हे मॅडमना सुचलं नाही. माझा जन्म सुरतचा आहे.

बावाजी बोलून झाले. माझी पाळी. मी पदर सारखा केला, उठायला लागले. मॅडमनी हाताने खाली बसा अशी खूण केली आणि माइक हातात घेतला. सगळ्या मुलांना कळावं म्हणून माइकवर त्या हिंदीतच बोलत होत्या.

"मुलांनो, आतापर्यंत आपण ग्रंथ असलेले धर्म ऐकले. आता ग्रंथ नसलेला धर्म पाहू. लोकधर्म. त्याला शब्द लागत नाहीत. तो शरीरातून बोलतो."

आणि त्यांनी पीटीच्या सरांकडे बघितलं. सरांनी शाळेच्या बँडमधला ड्रम गळ्यात अडकवला होता.

मी म्हटलं, "मॅडम, मला बोलायचं होतं ना."

"हो हो, नंतर. आधी मुलांना बघू दे."

ड्रम सुरू झाला. आमच्या ढोलाचा ठेका नव्हता तो, पंधरा ऑगस्टला वाजवतात तसा काही तरी. मी बसून राहिले. मॅडम सरांना म्हणाल्या, "थोडा वाढवा. हळूहळू लागतं त्यांना." सरांनी वाढवला.

मी बसून राहिले.

तेव्हा ते वाक्य आलं. "ताई, आता अंगात आणून दाखवा." मी हलले नाही तशा त्या खाली वाकल्या. माइक तोंडाशीच होता, सगळ्यांना ऐकू गेलं. "थोडंसंच. खोटं असलं तरी चालेल. मुलांना कल्पना यावी."

हॉल हसला. दुसऱ्या रांगेतला एक मुलगा मान गरागरा फिरवून, जीभ काढून घुमायला लागला. त्याच्या शेजारचा त्याच्या पाया पडला. कडेला उभ्या शिक्षिकांचे मोबाईल वर झाले. शास्त्रीजी छताकडे बघत होते.

मी तेजलकडे बघितलं. वाटलं, ती रडत असेल किंवा रागावली असेल. तसं काही नव्हतं. ती डोळ्यांनी मला विनवत होती. करून टाक ना, मम्मी. एकदाचं करून टाक.

आजवर मी बरंच ऐकून घेतलं आहे. माल उशिरा दिला म्हणून शेठच्या माणसाने दारात उभं राहून घातलेल्या शिव्या. फीच्या खिडकीवर, "सवलतवाले तिकडे." ऐकते आणि कामाला लागते. रडत बसायला मला वेळ नसतो. पण त्या सगळ्यात मी मी होते. धागे कापणारी, आई, उशीर करणारी, काहीही. इथे मी कोणी नव्हते. तक्त्यावरच्या चित्रासारखी एक वस्तू होते, आणि ती नीट चालत नव्हती म्हणून ड्रम वाढवत होते.

मी उठले. माइक नव्हता, पण आवाज मोठा आहे माझा.

"मॅडम, तुमच्या काकूंना बोलवा."

ड्रम थांबला. "कोणाला?"

"तुमच्या काकूंना. अष्टमीला घागर फुंकतात, त्या. त्यांना इथे सतरंजीवर बसवा. ढोल लावा. आधी त्यांच्या अंगात येऊ दे, मुलांना कल्पना येईल. मग मी बघते."

मॅडमचा चेहरा लाल झाला. आवाज मात्र तसाच मऊ. "ताई, ते वेगळं आहे. ते आमच्या घरातलं असतं."

"आमचं काय रस्त्यावर पडलेलं असतं?"

बावाजी हसले असं वाटलं, नक्की माहीत नाही. मॅडम मुलांकडे वळल्या. "पाहिलंत मुलांनो? श्रद्धेचा विषय किती नाजूक असतो. आपण सहिष्णू राहायचं."

माझा तेवढा रागही त्यांनी धड्यात घालून टाकला. मी नारळ घेतला, बाहेर येऊन चप्पल घातली, रिक्षाने घरी आले आणि उरलेल्या साड्या पुऱ्या केल्या. माल वेळेवर गेला.

संध्याकाळी तेजल आली. दप्तर टाकलं. मी जेवायला वाढलं तर ताट सरकवलं.

"सगळ्यांसमोर तू मॅडमची इज्जत काढलीस."

"आणि माझी?"

"तुझी कोणी काढली? फक्त करून दाखवायचं होतं. नाटकात नाही करत लोक?"

"मग त्यांच्या काकूने करावं नाटक."

"मम्मी, त्या वेगळ्या आहेत."

"कशा वेगळ्या?"

तिला उत्तर माहीत होतं, पण ते माझ्या तोंडावर तिला सांगवत नव्हतं. मला कळलं, धर्मांचा धडा हिला नीट समजला आहे. कोणी बोलायचं आणि कोणी घुमायचं, हे तिने एका दिवसात पाठ केलं. तक्ता बघून.

मग खाली मान घालून ती म्हणाली, "मॅडम बोलल्या, प्रोजेक्टचे मार्क कटतील. उद्या ट्रस्टी लोक येणार आहेत, प्रदर्शन परत आहे. शोभाकाकू आली तर पूर्ण मार्क देतील. येतानाच मी काकूला विचारलं. ती हो म्हणाली. सकाळी शाळेची रिक्षा येणार आहे."

माझा हात उठला होता. मी तो खाली घेतला. मारून तिला एवढंच कळलं असतं की मम्मीसुद्धा तिच्यावरच हात टाकू शकते, शाळेवर नाही.

"कशाला विचारलंस तिला? तिला शुद्ध नसते, माहीत आहे ना तुला?"

"म्हणून तर. तिला काही वाटणारच नाही."

चौदा वर्षांच्या मुलीने हे म्हटलं. माझ्या मुलीने. मी ताट उचलून ठेवलं आणि तिला म्हटलं, झोप, सकाळी लवकर उठायचं आहे.

सकाळी तिला घेऊनच मी शोभाकडे गेले. ती मागच्या गल्लीत राहते. दार उघडंच होतं. शोभा नाहून तयार होती. कानबाईला नेसते ती हिरवी साडी. केस ओले, मोकळे. कपाळभर कुंकू. उपाशी होती, पोटात काही घालून देवीपुढे जायचं नाही म्हणून. शाळेत जातानाही तिने तो नेम पाळला होता. दीर कामावर गेलेले.

मला बघून ती आधीच म्हणाली, "ताई, पोरना मार्क जातीन ना."

पोरीचे मार्क जातील. एवढ्यासाठी ती निघाली होती. शोभाला मूलबाळ नाही. तेजलला अंघोळ घालण्यापासून सगळं तिने केलं आहे.

मी तिला समजावत बसले नाही. तेजलला म्हटलं, "कालचा व्हिडिओ लाव."

"कुठला?"

"ग्रुपवर आलाय तो. काल रात्री बघत होतीस. लाव."

"नको ना, मम्मी."

"लाव."

तिने लावला. मीही पहिल्यांदाच बघत होते. माझी पाठ दिसत होती, अंबाडा, खाली बसलेली मी. ड्रम. मग तो आवाज, स्वच्छ, मऊ. खोटं असलं तरी चालेल. मग हसणं. कोणी तरी मान फिरवणाऱ्या मुलावर कॅमेरा नेला होता, मग परत माझ्यावर. मी उठून बोलले ते त्यात नव्हतंच. त्याआधीच कापलेला. खाली पिवळ्या हसऱ्या तोंडांची रांग.

शोभाने मोबाईल जवळ घेतला. "हाई तूच शे?"

"मीच."

तिने परत लावायला सांगितलं. परत बघितलं. मग मला विचारलं, "माझाही काढतील?"

"काढतील. तुझे केस सुटतील, पदर सुटेल, तेही काढतील. कडं करायला तिथे कोणी नसेल. आणि तुला कळणार नाही. लोक बघत राहतील, तुला कळणारही नाही."

तेजलकडे बघून शोभाने सरळ विचारलं, "तू बी हसनी का?"

तूही हसलीस का. तेजल दाराची चौकट नखाने खरवडत उभी राहिली.

शोभाने ओले केस पिळले, घट्ट गाठ मारली. कपाळाचं कुंकू पदराने पुसून बारीक केलं आणि स्टोव्हवर चहा ठेवला. "मी नही जास," ती म्हणाली. पोरीला तिने चहा दिला. स्वतःही घेतला.

रिक्षा आली. मी तेजलला घेऊन बसले.

"तू कशाला येतेस?"

"तुला सोडायला."

वाटभर ती बाहेर बघत होती. फाटकाशी उतरल्यावर माझ्यापुढे झपाझप चालायला लागली, आम्ही बरोबर नाही असं दिसावं म्हणून. मी तिला थांबवलं नाही.

मॅडम हॉलच्या दारातच होत्या. माझ्या मागे बघत होत्या, शोभा कुठे दिसते का.

"ती येणार नाही," मी म्हटलं. "मीही नाही. आमच्या गल्लीतल्या कोणत्याही बाईला तुम्ही विचाराल, तिच्याकडे मी आधी जाऊन काल इथे काय झालं ते सांगेन."

"ताई, तुम्ही उगाच मनाला लावून घेता. तेजलच्या मार्कांचा प्रश्न आहे."

"कापा. शून्य द्या. पण ती इथेच शिकेल. रोज येईल. आणि वर्गात विचारायचं ते विचारेल."

"तुम्हाला इथे त्रास होत असेल तर तुमच्या भागात पण चांगल्या शाळा..."

"आहेत. तिला इथे घातलंय."

त्यांनी घड्याळ बघितलं. मी म्हटलं, "आता तो ग्रुपवरचा व्हिडिओ काढून टाका. माझ्यासमोर."

"तो मुलांच्या ग्रुपवर आहे. माझ्या हातात नाही ते."

"ग्रुप तुमचा आहे. तुम्हाला त्यातलं काहीही काढून टाकता येतं, पोरीने सांगितलंय मला."

सांगितलं नव्हतं. पण तेजल अजून कोपऱ्यावर उभी होती, वर्गात गेली नव्हती. मॅडमनी तिच्याकडे बघितलं. ती म्हणू शकली असती, मी नाही सांगितलं. ती वळली आणि जिना चढून गेली.

फाटकातून ट्रस्टींची गाडी आत येत होती. शिपाई हार घेऊन धावला. मॅडम म्हणाल्या, "ताई, बाजूला व्हा, पाहुणे येताहेत."

मी दाराच्या मधोमध उभी होते. गाडी थांबली, दारं उघडली, चार जण उतरले. मॅडमनी पर्समधून मोबाईल काढला. त्यांचं बोट त्यावर फिरून तो व्हिडिओ गेलेला मला दिसेपर्यंत मी दारातून हलले नाही.